आचारी घरीच ठेवा

हैदराबाद दोन दिवसांत उरकतं, तिथं आपल्यासारख्यांना खायला धड मिळत नाही, आणि निजामाच्या गावात बघण्यासारखं असतंय तरी काय? ही तीन वाक्यं बुलडाणा जिल्ह्यातल्या आमच्या मोताळा तालुक्यात इतकी मुरली आहेत की ती तपासून बघण्याच्या फंदात कुणी पडत नाही. दिवाळी झाली की पानठेल्यांवर सहलींची पत्रकं चिकटतात आणि त्यांत हीच वाक्यं वेष बदलून छापलेली असतात. ‘दोन रात्री, तीन दिवस’ हा पहिल्याचा वेष. ‘संपूर्ण प्रवासात घरगुती महाराष्ट्रीय जेवण, आपला आचारी सोबत’ हा दुसऱ्याचा. तिसरं वाक्य उघड छापायची सोय नसते, पण ठिकाणांची यादी वाचली की ते आपोआप कळतं. चारमिनार, सालारजंग संग्रहालय आणि गोवळकोंडा मिळून एक दिवस. रामोजी फिल्म सिटीला आख्खा एक दिवस. उरलेल्या वेळात बिर्ला मंदिर आणि मोत्यांची खरेदी. चारशे वर्षांच्या शहराला आणि सिनेमाच्या पुठ्ठ्याच्या शहराला सारखाच वेळ! हा हिशेब ज्याने मांडला त्याला शहर दाखवायचं नाही, बस भरायची आहे.

त्याच्या धंद्याबद्दल माझी तक्रार नाही. बस भरली नाही तर त्याची चूल पेटत नाही. तक्रार आपल्याबद्दल आहे. ते पत्रक आपण पुण्या-मुंबईच्या माणसाच्या डोळ्यांनी वाचतो. पुण्याच्या माणसाला हैदराबाद हे परप्रांतातलं एक शहर वाटलं तर वाटो. वऱ्हाडच्या माणसाला तसं वाटायचं कारण नाही, आणि आमच्या रोहिणखेडच्या माणसाला तर मुळीच नाही.

रोहिणखेड अजिंठ्याच्या डोंगराच्या ऐन पायथ्याशी आहे. खानदेशातून दख्खनच्या पठाराकडे निघालेली फौज अडवायची तर ती डोंगर चढायच्या आत, म्हणजे इथंच. १४३७ साली खानदेशचा सुलतान नासिरखान जावयावर चिडून वऱ्हाडात घुसला. जावई म्हणजे बहमनी सुलतान अल्लाउद्दीन, आणि तक्रार लेकीला नीट वागवत नाही ही. दौलताबादचा सुभेदार खलफ हसन बसरी याने नासिरखानाला रोहिणखेडात गाठून असा झोडपला की तो थेट बुऱ्हाणपुरापर्यंत पळत गेला, आणि मग बुऱ्हाणपूरही लुटलं गेलं. (सासर-माहेरच्या भांडणांत याहून महागडं भांडण आमच्या पंचक्रोशीत तरी झालेलं नाही.) दुसरी लढाई १५९०-९१ची. अहमदनगरच्या गादीवर जमालखान या मेहदवी (एक मुसलमानी पंथ) सरदाराने इस्माईल नावाच्या पोरवयाच्या राजपुत्राला बसवलं होतं. पोराचा बाप बुऱ्हाण खानदेशच्या राजा अलीखानाला सोबत घेऊन गादी मागायला आला. रोहिणखेडाला गाठ पडली, जमालखान मारला गेला आणि पोरगा बापाच्या हाती सापडला.

गावात जी लहानशी देखणी मशीद आहे ती १५८२ सालची, जमालखानाचा अनुयायी खुदावंदखान मेहदवी याने बांधलेली. चारमिनार १५९१चा. म्हणजे ज्या चारमिनारासमोर फोटो काढायला आपण पैसे भरून जातो, त्याच्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठी वास्तू रोहिणखेडात उभी आहे आणि तिच्यावरून आपण रोज दूध घालायला जातो. हे मी गावाचा मोठेपणा मिरवायला सांगत नाही. आकाराने, थाटाने, कशानेही तुलना होत नाही. सांगायचं इतकंच, की ही मशीद ज्या काळाची, ज्या दख्खनी सुलतानांच्या भांडणांची आणि ज्या हातांची, त्याच काळाचा आणि त्याच कुळाचा चारमिनार आहे. हैदराबादेत चंचलगुडा नावाचा भाग मेहदवी पंथाची जुनी वस्ती म्हणून ओळखला जातो. तिथल्या घरांची मुळं रोहिणखेडात आहेत असा दावा मी करणार नाही. पण ज्या पंथाच्या सरदाराने आपल्या गावात मशीद बांधली, तो पंथ आज कुठं नांदतो हे बघायला दहा मिनिटांची रिक्षा करायला काय हरकत आहे? पत्रकात चंचलगुडा नाही. असणारही नाही, कारण पत्रक रोहिणखेडसाठी छापलेलंच नाही.

आता निजामाकडे येऊ. निजामाचं राज्य हैदराबादेत जन्मलं असं आपण शाळेत शिकतो. ते जन्मलं बुलडाणा जिल्ह्यात. ऑक्टोबर १७२४ मध्ये सिंदखेडराजा तालुक्यातल्या साखरखेर्ड्याला निजाम-उल-मुल्कने हैदराबादचा सुभेदार मुबारिझखान याला लढाईत ठार केलं, आणि मगच हैदराबाद त्याच्या हाती आलं. विजयाची खूण म्हणून त्याने गावाचं नावही बदलून फत्तेखेर्डा केलं. त्या नावाचं पुढं फारसं काही झालं नाही. राज्य मात्र दोनशे चोवीस वर्षं टिकलं. निजामाच्या चौमहल्ला राजवाड्यातली झुंबरं बघताना ‘बापरे, केवढी संपत्ती’ म्हणून आपण माना वर करतो. ती झुंबरं ज्या घटनेमुळे तिथं लटकली, ती चिखलीहून एसटीने जाण्याच्या अंतरावर घडली आहे हे आपल्याला गाइड सांगणार नाही. त्याला ठाऊक असण्याचं कारण नाही. आपल्याला असायला हवं.

सालारजंग संग्रहालयाचं तर याहून वाईट आहे. पत्रकवाले तिथं दोन तास देतात. त्या दोन तासांत सगळी बस दोनच गोष्टींसमोर थांबते, तासाला ठोका देणारं बाहुल्यांचं घड्याळ आणि संगमरवरी ‘पडद्यातली रिबेका’. इटालियन शिल्पकार बेन्झोनीने घडवलेली ही बाई खरोखर अजब आहे. चेहऱ्यावरून पातळ पदर ओढलेला, पदरही दगडाचा, चेहराही दगडाचा, आणि तरी पदराआडून नाक, ओठ, खाली झुकलेल्या पापण्या दिसतात. बायका जवळ जाऊन पदराची चुणी निरखतात, पुरुष ‘एकाच दगडातून केलंय बरं का’ असं एकमेकांना सांगतात, गाइड टाळी वाजवून पुढच्या दालनाकडे वळवतो. पण ती मूर्ती निजामाचा दिवाण पहिला सालारजंग याने १८७६ साली मिळवली, आणि १८७६ साली सालारजंग युरोपात कशासाठी गेला होता? वऱ्हाड परत मागायला.

१८५३ साली इंग्रजांनी निजामाकडून वऱ्हाड काढून घेतलं ते कर्जापोटी. निजामाच्या नावाने पोसलेली, पण इंग्रजांच्या हुकमातली फौज, तिचा थकलेला पगार, आणि त्या पगाराच्या वसुलीसाठी तारण म्हणून आपली शेतं. बाकी प्रांतही लिहून दिले होते, पण लचका मोठा होता तो वऱ्हाडचा, कारण इथं कापूस पिकत होता. पुढं १८७० साली खामगावच्या कापूसबाजारापर्यंत खास आगगाडीचा फाटा ओढला गेला, यावरून इंग्रजांना या जमिनीची किंमत किती कळली होती ते समजतं. सालारजंगाने वऱ्हाड परत मिळावं म्हणून जन्मभर खटपट केली. विलायतेत त्याचा मानमरातब झाला, मागणी मात्र फेटाळली गेली. वऱ्हाड मिळालं नाही, रिबेका मिळाली. शेवटी १९०२ साली सालीना पंचवीस लाख रुपयांवर वऱ्हाड कायमच्या भाडेपट्ट्याने इंग्रजांकडे गेलं. आपल्या पणजोबांची जमीन कुणी, कुणाला, किती भाड्याने दिली, याची निम्मी कहाणी त्या एका दालनात उभी आहे, आणि आपण तिच्या पदराच्या चुण्या मोजून बाहेर येतो.

‘हा सगळा इतिहास झाला, सहलीला माणूस विरंगुळ्यासाठी जातो’ असं यावर कुणी म्हणेल. म्हणावं. पण विरंगुळा म्हणजे डोकं घरी ठेवणं असं कुणी ठरवलं? कीर्तनाला जाताना आपण पूर्वरंग-उत्तररंग कळणाऱ्याला मान देतो, शंकरपट बघताना कुठल्या बैलाची आई कुठल्या गावची हेही आपल्याला ठाऊक असतं. मग हैदराबादेतच अडाणी राहायची हौस का? १९३६ साली निजामाच्या पदवीत ‘हैदराबाद आणि बेरार’ (बेरार म्हणजे वऱ्हाडच) असे शब्द आले आणि त्याचा थोरला मुलगा ‘प्रिन्स ऑफ बेरार’ झाला. त्याची बायको दुर्रुशेहवार ही तुर्कस्तानच्या शेवटच्या खलिफाची मुलगी. म्हणजे इस्तंबूलच्या राजवाड्यात जन्मलेली एक बाई जन्मभर वऱ्हाडच्या नावाने ओळखली गेली. तिच्या नावाचं मुलांचं इस्पितळ जुन्या शहरात आहे. रिक्षावाल्याला नाव सांगितलं की तो नेऊन सोडतो. बघायला इमारतच आहे, पण मला ती मोत्यांच्या दुकानापेक्षा जास्त आपली वाटते.

‘दोन दिवसांत होतं’ याला माझं उत्तर एवढ्यात आलं. रामोजीचा दिवस काढून टाका आणि तो जुन्या शहराला द्या. लेकरं रडतील, तर पुन्हा कधी तरी न्या. बिर्ला मंदिर संध्याकाळी बाहेरून छान दिसतं, तेवढं पुरे. गोवळकोंड्याच्या फत्ते दरवाजाखाली टाळी वाजवली की वर बालाहिसारात ऐकू येते हे सगळ्यांना माहीत आहे, त्यावर शाई खर्च करत नाही. तिथून जवळच कुतुबशाही कबरी आहेत. गेली काही वर्षं आगाखान ट्रस्टने तिथं दुरुस्तीचं मोठं काम केलं. चुन्याचा गिलावा, फुटक्या विहिरी, बागा असं सगळं कारागिरांकडून जुन्या पद्धतीने करून घेतलं. आपल्याकडे जुन्या वास्तूची दुरुस्ती म्हणजे सिमेंट आणि ऑइलपेंट. ते बघून आलेल्या एखाद्या ग्रामपंचायत सदस्याच्या मनात काही पेटलं, तर रोहिणखेडाला त्याचा फायदाच आहे.

निजामाचं बघायचं काय, या वाक्यामागे नुसता आळस नाही, एक खरी जखमही आहे, म्हणून त्याची टिंगल करणार नाही. १९४७-४८ साली मराठवाड्यातल्या गावांवर निजामाच्या पाठीराख्या रझाकारांनी केलेले अत्याचार आपल्या जिल्ह्याच्या सीमेलगतच झाले. तिकडून उठून वऱ्हाडात आसऱ्याला आलेली माणसं इथल्या घरांनी पाहिली आहेत. सप्टेंबर १९४८ मध्ये भारतीय फौज आत शिरली तेव्हा कुठं ते थांबलं. ज्याच्या घरात ही आठवण आहे त्याला ‘विसर’ म्हणण्याचा अधिकार मला नाही, कुणालाच नाही. पण त्या आठवणीचा राग एका आख्ख्या शहरावर काढायचा, तर आधी त्या शहरातल्या लोकांनी काय केलं तेही मोजायला हवं. रझाकारांविरुद्ध लिहितो म्हणून ‘इमरोज’चा संपादक शोएबुल्ला खान याला ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादेतच ठार मारलं. तो मुसलमान होता, उर्दूत लिहीत होता, आणि हैदराबाद भारतात आलं पाहिजे असं लिहीत होता. १९३८ साली वंदे मातरम् म्हटलं म्हणून उस्मानिया विद्यापीठाने विद्यार्थ्यांना काढून टाकलं, तेव्हा त्यांतल्या पुष्कळांना कुणी घेतलं? आपल्या नागपूर विद्यापीठाने. त्यांतलाच एक विद्यार्थी पुढं देशाचा पंतप्रधान झाला. पी. व्ही. नरसिंह रावांना मराठी उत्तम येत असे; हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ त्यांनी तेलुगूत नेली.

आणि तिथली मराठी माणसं? केशवराव कोरटकर हैदराबादच्या हायकोर्टात न्यायाधीश झाले, आणि ज्या राज्यात खासगी शाळा काढणंही संशयाचं मानलं जाई, तिथं विसाव्या शतकाच्या पहिल्याच दशकात विवेकवर्धिनी शाळा उभी राहिली. १९३१चं मराठी साहित्य संमेलन हैदराबादेत भरलं आणि अध्यक्ष होते ज्ञानकोशकार केतकर. कोठी भागात मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, शंभर वर्षांपासून. आमच्या तालुक्यातली वाचनालयं कशी चालतात हे मला चांगलं ठाऊक आहे, म्हणून तिथं गेल्यावर मान खाली घालावी लागते. निजामाचा राग असलेल्याने तर आधी तिथं जावं. त्याच्या राज्यात त्याच्याशी झगडून जी माणसं मराठी राहिली, त्यांच्या दारात न जाता परत यायचं आणि वर देशभक्ती मिरवायची, हे काही बरं नाही.

आता आचारी. माझं खरं भांडण इथं आहे, बाकीचं पूर्वरंग समजा.

‘आपल्या लोकांना तिकडचं चालत नाही’ म्हणून बसच्या डिकीत गॅसच्या टाक्या, कढया, मटकी, तुरीची डाळ, गोडा मसाला आणि एक आचारी भरून नेतात. लॉजच्या मागच्या बोळात शेगडी मांडली जाते. तो बिचारा पहाटे चारला उठून पोहे करतो आणि रात्री अकराला कढया घासतो. हैदराबादला वर्षानुवर्षं जाणाऱ्या अशा आचाऱ्याला कधी विचारा, चारमिनार कसा आहे? तो सांगेल, बसमधून दिसतो. आणि आपण काय करतो? बिर्याणी, हलीम आणि इराणी चहा ज्या शहराची जगभरची ओळख, त्या शहरात प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून मटकीची उसळ आणि वरणभात खातो, आणि परत आल्यावर सांगतो, ‘जेवणाची सोय एकदम घरच्यासारखी होती.’ घरच्यासारखीच हवी होती तर घर काय वाईट होतं?

‘तिखट सोसत नाही’ हे कारण तर मोताळा तालुक्याच्या तोंडी शोभतच नाही. हिरव्या मिरचीचा ठेचा आणि शेवभाजीची तर्री ज्यांच्या रोजच्या ताटात, त्यांनी हैदराबादच्या तिखटाला भ्यायचं? ‘पोट बिघडतं’ यात थोडं तथ्य आहे. मधुमेहाचे, रक्तदाबाचे, सत्तरीपुढचे लोक सोबत असतील तर त्यांच्यासाठी मऊ भात शिजवून घ्या, ते समजू शकतो. पण म्हातारी सोबत आहे म्हणून पस्तिशीच्या जावयानेही वरणभातच खावा, हा न्याय कुठला?

सगळ्यात मोठं कारण म्हणून सांगितलं जातं ते वेगळंच. आम्ही माळकरी, तिकडं सगळं मटणाचं. इथं मात्र माहिती इतकी कच्ची आहे की रागही येत नाही. हैदराबादी घराच्या स्वयंपाकात बिनमटणाचं जे आहे, ते बघून आपण चकित व्हावं. बगारे बैंगनचंच घ्या. छोटी जांभळी वांगी, देठ तसाच ठेवून बुडाकडून चार चिरा, तेलात अर्धवट तळून बाजूला. शेंगदाणे, तीळ आणि सुकं खोबरं वेगवेगळं कोरडं भाजायचं, कारण तीळ लवकर करपतात आणि करपले की अख्खी भाजी कडू. मग परतलेल्या कांद्याबरोबर बारीक वाटायचं. मोहरी, मेथीदाणे आणि कढीपत्त्याच्या फोडणीत ते वाटण तेल सुटेपर्यंत परतायचं, चिंचेचा कोळ घालायचा, वांगी सोडायची आणि मंद आचेवर ठेवून द्यायचं, रश्श्यावर तेलाचा पातळ तवंग चढेपर्यंत. आता सांगा, शेंगदाणे, तीळ, खोबरं आणि देठाची वांगी हे कुणाच्या घरचं आहे? आपल्याच लग्नातल्या पंगतीतली भाजी आहे ही, फक्त चिंचेचा हात सढळ आणि गूळ नाही. याच वाटणात जाड्या मिरच्या घातल्या की मिरचीचं सालन होतं. खट्टी दाल म्हणजे चिंचेची आंबट तुरडाळ. टमाट्याचा कूट आहे, भाताबरोबर तो लागतो असा की बिर्याणी आठवत नाही.

आणि ही झाली मुसलमानी स्वयंपाकाची बाजू. शहराच्या तेलुगू बाजूला गेलात तर संध्याकाळी रस्त्याकडेला बायका तव्यावर ज्वारीच्या भाकरी थापत बसलेल्या दिसतील. ज्वारीच्या! ज्यांच्यासाठी आपण पोळ्यांची कणीक बसमध्ये घालून नेतो, त्यांच्या आज्या जी भाकरी खात होत्या, ती तिथं गरम मिळते. तिच्याबरोबर अंबाडी. तेलंगणातला माणूस अंबाडीवर जीव टाकतो. आपण ती उकडून, आंबट पाणी पिळून टाकून, ज्वारीच्या कण्या किंवा डाळ घालून शिजवतो आणि वरून लसणाची फोडणी देतो. ते लोक आंबटपणा टाकून देत नाहीत. पाला तेलात परतून लाल मिरची-लसणाबरोबर रगडतात, आणि ती चटणी गरम भातावर तुपासोबत खातात. एकच पाला, दोन स्वभाव. त्यांची अंबाडी खाल्ल्यावर मला आपली थोडी भित्री वाटू लागली आहे, हे घरी सांगायची सोय नाही.

नाश्त्याला आचाऱ्याचे पोहे टाळून चारमिनारच्या अलीकडे गुलजार हौजपाशी सकाळी लागणाऱ्या डोशाच्या गाड्यांवर जा. लोणी, उपमा आणि पूड पसरून केलेला डोसा उभ्याने खायचा. मूगडाळीचा पेसरट्टू मिळतो. जुन्या शहरात न्याहरीला खिचडी खातात, मसुरीच्या डाळीची, आणि तिच्याबरोबर तिळाचा आणि चिंचेचा पातळ ‘खट्टा’ आणि पापड. सामिष खाणाऱ्याला खिमा वेगळा. मग चहा. इराणी चहाचं रहस्य काही नाही, चिकाटी आहे. चहाचा काढा झाकणबंद भांड्यात तासन्‌तास मुरत ठेवलेला असतो, दूध दुसऱ्या पातेल्यात आटून घट्ट झालेलं असतं, आणि पोऱ्या कपात आधी एक, मग दुसरं ओततो. ढवळत नाही. सोबत उस्मानिया बिस्किट, अर्धं गोड, अर्धं खारट. आपल्या टपरीवरचा आलं घातलेला उकळता चहा मला आवडतोच, पण त्याच्यापायी हा चहा नाकारायचा म्हणजे शेगावची कचोरी आवडते म्हणून पुरणपोळी न खाण्यासारखं आहे.

जे सामिष खातात त्यांना तर आचारी नेण्याचं कारणच उरत नाही. बिर्याणीबद्दल सगळ्यांना वाटतं की माहिती आहे. मुरवलेलं कच्चं मटण खाली, अर्धवट शिजलेला तांदूळ वर, कणकेने झाकण लिंपून दम. जोखीम ही की झाकण एकदा लिंपलं की आत काय चाललंय ते कळायला मार्ग नाही. मटण शिजेपर्यंत तांदूळ मोडला नाही पाहिजे. हे जमवणारा तो आचारी, आणि आपण आपला सोबत नेतो! पण बिर्याणीपेक्षाही मी सकाळची नहारी आणि चारकोनी नान सुचवीन. पुरानी हवेलीकडे जुन्या नानभट्ट्या आहेत. कारागीर पिठाचा चौकोन गादीवर पसरतो, कमरेपर्यंत तंदुरात वाकून तो आतल्या भिंतीवर थापतो आणि थोड्या वेळाने दोन लोखंडी सळ्यांनी सोडवून वर काढतो. चारही कोपरे कडक, मधला भाग लुसलुशीत. उभं राहून बघावं असं काम आहे, आणि त्याला तिकीट नाही.

‘मग तिकडंही शेंगदाणे, वांगी आणि ज्वारीच, तर जायचं कशाला?’ असा उलटा प्रश्न मला गावात विचारला गेला आहे. राजेहो, हे बरं आहे! वेगळं असलं तर ‘आपल्याला चालत नाही’, आणि सारखं निघालं तर ‘मग जायचं कशाला’. दोन्हीकडून आचारीच जिंकतो. सारखं आहे ते वाटण. वेगळं आहे ते त्याचं काय केलं हे. शिवाय आपल्याकडे अजिबात नाही असंही भरपूर आहे. वाळवलेल्या जर्दाळूंचा कुबानीचा मिठा आहे, तळलेल्या पावाचा डबल का मिठा आहे. आणि हलीम आहे. निजामाच्या फौजेत आलेल्या हद्रमौतच्या अरबांनी आणलेला गहू-मटणाचा साधा घाटा हैदराबादने डाळी, मसाले आणि तूप घालून आपला केला. विटांच्या भट्टीत बसवलेल्या हंड्यात तो दिवसभर शिजतो, आणि दोघंतिघं उभे राहून लाकडी घोटण्यांनी तो घोटत राहतात, गहू आणि मटण वेगळं ओळखू येईनासं होईपर्यंत. २०१० साली त्याला भौगोलिक मानांकन मिळालं. पण तो खरा मिळतो तो रमजानच्या महिन्यात, संध्याकाळनंतर, रस्त्यावर.

म्हणून पत्रक छापणाऱ्यांना माझी सूचना तारखेबद्दल आहे. रमजान दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो आणि येती काही वर्षं तो जानेवारी-फेब्रुवारीच्या आसपास पडणार आहे. कापूस तोवर विकला गेलेला असतो, हरभरा उभा असतो, माणसाला चार दिवस निघता येतं. खाणाऱ्यांची बस तेव्हा न्या, माळकऱ्यांची एकादशी सांभाळून कधीही न्या. बसच नको असेल तर डोंगर चढून बुलडाणा, चिखली, देऊळगावराजा करत जालना गाठा आणि रात्रीची अजिंठा एक्स्प्रेस पकडा, सकाळी हैदराबाद. डिकीत कढया ठेवायची सोय तिच्यात नाही.